कोपरा फाडलेलं कार्ड

दत्तू मेस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते उसाने भरलेल्या गाडीच्या चाकासमोर आडवे पडले होते.

देवळाली प्रवरेच्या शाळेत माझी बदली झाली होती. एस.टी.तून उतरले, हातात ट्रंक, आणि पाटाच्या पुलाच्या उतारावर ही गर्दी. गाडीला बैल नव्हते. जू मोकळं, मागे उसाचा डोंगर, चाकं उताराकडे तोंड करून, आणि चाकापासून हातभर अंतरावर खाकी पँटीतला एक माणूस जमिनीवर डोकं टेकून निवांत पडलेला. मला वाटलं, झालं, मेला. मी किंचाळले. तशी शेजारी शेंगा फोडत उभा असलेला एक जण माझी कीव आल्यासारखा म्हणाला, "काय न्हाई बाई, जाहिरात हाय."

मग माझ्या लक्षात आलं, की गाडीवर, गाडीवानाच्या जागी, एक बाई बसली आहे. डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी एक लोखंडी दांडा ओढून धरलेला. खालचा माणूस पडल्या पडल्या भाषण करत होता. म्हणत होता, वर माझी बायकू बसलीय. तिच्या मनात आलं तर दांडा सोडंल आन् सुटंल. पर सोडणार न्हाई. एक तर ब्रेक पक्का हाय, आन् दुसरं, दिवाळीला मी तिला पातळ घेतलंय. लोक खोखो हसले. बाई हसली नाही. तिचे हात थरथरत होते, ते मला एवढ्या लांबूनही दिसत होतं, आणि त्या हातांवर एका माणसाचा जीव टांगलेला आहे याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. बाजारचा दिवस होता. लोकांनी जाहिरात पाहिली, कपडे झटकले आणि मिरच्या घ्यायला गेले. ब्रेक एकानेही घेतला नाही.

संध्याकाळी शाळेच्या शिपायाने मला भाड्याची खोली दाखवली, ती नेमकी याच माणसाच्या शेडला लागून. नशीब म्हणतात ते हेच. पुढे दोन वर्षं मी त्यांची शेजारीण होते, आणि त्या काळात त्यांनी मला इतक्या वेळा हबकवलं, की शेवटी शेवटी शेडमधून हातोडीचा आवाज यायचा थांबला तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. हा माणूस गप्प बसून काहीतरी ठरवतोय, असं वाटायचं.

मेस्तरी मूळचे भिंगारचे. तिथे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात नोकरीला होते. ती चांगली सरकारी नोकरी सोडून ते सासुरवाडीला येऊन राहिले आणि शेड टाकून त्यांनी बैलगाडीला ब्रेक बनवायला घेतला, म्हणून सगळं गाव त्यांना अर्धवट समजायचं. ब्रेक म्हणजे काही मोठं यंत्र नव्हतं. गाडीवानाच्या हाताशी एक दांडा, खाली लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या टोकांना ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे. दांडा ओढला की ते रबर चाकाला दाबून बसायचं. एरवी उतार आला की भरल्या गाडीचा सगळा लोंढा बैलांच्या मानेवर यायचा. कुणी मागे ओंडका बांधून फरफटत न्यायचं, कुणी चाकाखाली दगड टाकत पळायचं, आणि बहुतेक जण देवाचं नाव घेऊन बैलांना मोकळं सोडायचे.

घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी ब्रेक लावून थांबवली होती. सायकलला तीन ब्रेक. झोपाळ्याला ब्रेक. दाराला असा खटका, की तो पायाने दाबल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि मी पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेले तेव्हा दाराशी हकनाक झगडत उभी राहिले. खिशात कायम टायरच्या रबराचा एक तुकडा. कुणी भेटलं की नमस्काराच्या आधी तो तुकडा त्याच्या हातात. "दाबा की. आजून दाबा." समोरचा बिचारा दाबायचा. मग विचारायचे, "घसरला का?"

बायकोचं नाव सुलोचना. मी त्यांना सुलूवहिनी म्हणायची. एकदा भाजी निवडता निवडता मी न राहवून विचारलं, की हा जीवघेणा खेळ तुम्ही दर बाजाराला करू कशा देता. त्यांनी मान वर केली नाही. "माझा भाऊ त्याच उतारावर गेला, बाई. बैलं अंगावर आली, गाडी वरून गेली. एकटाच भाऊ हुता. ह्यांनी नोकरी सोडली ती त्यापायी. मंग दांडा मी न्हाई धरायचा तर कुणी?" माझ्या मनात मेस्तरी आजवर एक हौशी विदूषक होते. त्या संध्याकाळपासून मला त्यांची भीतीही वाटू लागली आणि मायाही.

ब्रेक खरा होता, यात शंकाच नव्हती. पण तो विकायचा कसा, हे त्यांना उमगत नव्हतं. पेपरात जाहिरात द्यायची ऐपत नाही. दुकानदार म्हणायचे, कंपनीचा शिक्का कुठंय? गाडीवान म्हणायचे, बाप गेला, आजा गेला, कुणी ब्रेक लावला? आणि गावचे सुतार तर उघड सांगायचे, की याने चाक झिजतं.

मग मेस्तरींनी पहिली युक्ती काढली. राहुरीला, श्रीरामपूरला कुणी जाणारा भेटला की त्याला गळ घालायची: तिथल्या अवजारांच्या दुकानात जा आणि नुसतं विचार, 'दत्तकृपा ब्रेक आहे का?' नाही म्हणाले की चुकचुक करून निघून ये. आठवड्यात चार माणसं विचारून गेली की दुकानदार आपणहून माल मागवेल, हा त्यांचा हिशेब. मी नगरला घरी चालले होते तर मलाही सांगितलं. मी म्हटलं, मेस्तरी, मी शिक्षिका आहे, मला हे खोटं जमणार नाही. तर हा माणूस माझ्याकडे निरागस चेहऱ्याने बघत म्हणाला, "यात खोटं काय, बाई? इचारणं कधी खोटं असतं का? आन् तुमी वर्गात 'साहेब तपासणीला येणार' म्हणून पोरांना भ्या घालता, ते खरं असतं व्हय?"

तपासणीचं त्यांना माझ्याच वर्गातल्या मुलींनी सांगितलं असणार. पण मी विचारायला गेले नाही. वाद घालायला मात्र रोज जायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते बोलले की समजायचं, वाद संपला. "माल खरा असला की बोंब कशीबी मारावी."

मी म्हणायची, बोंबेलाही रीत असते. ते हसायचे आणि कानस चालवायला लागायचे.

त्यानंतरचा प्रसंग आठवला की आजही अंगावर काटा येतो. पुलाच्या उतारावर एका गाडीचा बैल मान मोडून पडला. गाडीवान बिचारा, बैल ओढून न्यायला माणसं आणायला वस्तीवर गेला. तेवढ्यात मेस्तरी तिथे पोचले. मी शाळा सुटून येत होते. पाहते तर मेलेल्या बैलाच्या गळ्यात पाटी. खडूने ठसठशीत लिहिलेलं, 'याला दत्तकृपा ब्रेक नव्हता.' भोवती लोक, कुणी वाचून दाखवतंय, कुणी तोंडाला पदर लावून हसतंय. इतका निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

एवढ्यात गाडीवान परत आला. मला वाटलं, आता मारामारी होणार. तो मारायला धावला नाही. त्याने पाटी काढली, पालथी करून बाजूला ठेवली, आणि बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. हसणारे एकेक करून पांगले. मेस्तरी हातात खडू घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला, हे मी स्वतः पाहिलं. मला वाटलं, चला, एकदाचा धडा मिळाला.

धडा मिळाला, पण भलताच. त्याच संध्याकाळी तीन गाडीवान शेडवर आले आणि ब्रेक बसवून गेले. वर्षभरात नव्हते गेले तेवढे त्या एका दिवसात. मेस्तरी माझ्या दाराशी आले, डोळ्यात वेगळीच चमक. म्हणाले, की बाई, मी चाकाखाली झोपलो, लोकांना हसवलं, हातापाया पडलो, पर माणूस हसला की घरला जातो. भ्याला की घेतो. मी म्हटलं, त्या गाडीवानाचं तोंड पाहिलंत ना तुम्ही? मग म्हणाले, "पाह्यलं. पर हे तिघं आता न्हाई मरायचे, बाई." त्या तिघांचे बैल खरंच वाचणार होते.

आता मला एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण आजकालच्या मुलांना तो ठाऊक नाही. त्या काळी मयताचं कळवायचं तर पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून ते टाकायचं. वर 'श्री' नाही, 'सप्रेम नमस्कार' नाही. असं कार्ड कुणी उंबऱ्याच्या आत नेत नसे. अंगणातच वाचायचं आणि वाचून तिथेच फाडून टाकायचं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तो कोपरा वाचता यायचा. पोस्टमन एरवी अंगणात बसून सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचा, पण असं कार्ड असलं की हातात ठेवून मुकाट्याने पाठ फिरवायचा.

बांगलादेशची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस, साखर कारखान्याचा हंगाम जोरात, रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग. आमच्या भागातली कितीतरी पोरं लष्करात. रेडिओभोवती माणसं जमायची आणि बातम्या संपल्या तरी उठायची नाहीत. त्या दिवसांत शेडमधली हातोडी थांबली होती. मेस्तरी आत काहीतरी लिहीत बसलेले दिसायचे. मी समजले, कुठल्या तरी कंपनीला लिहीत असतील.

एके दिवशी भर वर्गात पाटापलीकडच्या वस्तीवरची एक बाई धापा टाकत दारात आली. तिला धड बोलता येत नव्हतं. "चला बाई. सोनाबाईचं कार्ड आलंय. वाचायला कुणी न्हाई. बापे सगळे कारखान्यावर गेल्यात." मी विचारलं, कसलं कार्ड? तिने नुसती बोटाने हवेत कोपऱ्याची खूण केली.

सोनाबाई मला माहीत होती. थोरला मुलगा महादू घरची गाडी हाकायचा, धाकटा किसन लष्करात, सीमेवर. किसनचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची पत्रं त्या घरी मीच वाचून दाखवायची, आणि त्याची बायको मंजुळा दाराआड उभी राहून ऐकायची. वाटेत त्या बाईने सांगितलं ते असं. पोस्टमन वस्तीपर्यंत येत नसे. वस्तीची पत्रं पिठाच्या गिरणीत ठेवून जायचा. दळण न्यायला आलेल्या एका म्हातारीकडे गिरणीवाल्याने ते कार्ड सोनाबाईला द्यायला दिलं. तिने कोपरा पाहिला, पदर तोंडावर घेतला, दळण तिथेच टाकलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता चालत येऊन कार्ड सोनाबाईच्या उंबऱ्यापाशी ठेवलं. मग सगळं जे व्हायचं ते झालं.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. सोनाबाई भिंतीला डोकं आपटत होती, दोघींनी तिला धरलं होतं. मंजुळा मधोमध बसली होती. कपाळावर कुंकू पुसल्याचा लाल फराटा. पुढ्यात दगड, आणि दगडाभोवती हिरव्या काचेचा खच. एका मनगटातून रक्त येत होतं. ती रडत नव्हती. आपल्याला झालंय तरी काय, हे कळायच्या आत सगळं होऊन गेलेल्या माणसासारखी ती हातांकडे बघत होती.

कार्ड उंबऱ्यावरच होतं. मी ते उचललं. उजेडात धरून अक्षर पाहिलं. आणि मग ते अक्षर माझ्या ओळखीचं निघालं. बैलाच्या गळ्यातल्या पाटीवर हेच अक्षर होतं.

त्यावर लिहिलं होतं: 'घाबरू नका. आपल्या घरी अजून काही वाईट घडलेले नाही. घडू नये असे वाटत असेल तर गाडीला आजच दत्तकृपा ब्रेक बसवा. दत्तू मेस्तरी, देवळाली.'

मी ते मनात दोनदा वाचलं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी मी एवढंच म्हटलं, "किसनचं नाही हे. कुणीच गेलेलं नाही. ही जाहिरात आहे." जाहिरात हा शब्द त्या अंगणात कुणाला कळलाच नाही. सोनाबाईने विचारलं, "म्हंजी माझा लेक हाय?" मी म्हटलं, आहे. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती मंजुळाकडे वळली, दगडाकडे पाहिलं, आणि आनंदाने रडायचं की कशाने, हे तिला कळेना. इतकं भयाण मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मेल्याची बातमी खोटी ठरूनही त्या घरात कुणी हसलं नाही. मंजुळाने एकदाच तोंड उघडलं. "मंग माझ्या बांगड्या?"

एक म्हणाली, आत्ताच्या आत्ता कासाराला बोलवा, भरून घ्या. दुसरी म्हणाली, अगं, लढाईवर माणूस, आणि एकदा फोडल्या त्या लगेच भरल्या तर उलटा अपशकुन. शेवटी सोनाबाईनेच सांगितलं, की आता ज्याच्या नावाने फोडल्या त्याने दारात येऊन उभं राहावं, मगच भरायच्या. तोवर मंजुळाने धड सवाष्ण नाही आणि धड विधवाही नाही, असं राहायचं.

मी परत आले ती तडक शेडमध्ये. रागाने माझं डोकं फुटत होतं. मेस्तरी कानस घासत बसले होते. मला पाहताच त्यांनी विचारलं, "आली का बाई कार्डं? वाचलं का समद्यांनी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. काच, दगड, रक्त. बोलताना माझा आवाज चढला होता, सुलूवहिनी चुलीपासून उठून दारात आल्या. मेस्तरींनी कानस खाली ठेवली. मग विचारलं, "दोन्ही हातांतल्या?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यांनी सुलूवहिनींच्या हातांकडे पाहिलं. वहिनी नंतर मला म्हणाल्या, की कोपरे फाडताना मी म्हटलं होतं, लढाई चालू हाय, हे बरं दिसत न्हाई. तर म्हणाले, लढाईवरच्या मयताला तार येते, कार्ड न्हाई येत, कुणाचा गैरसमज हुयाचा न्हाई. या माणसाने चाकाचा, लोखंडाचा, उताराचा सगळा विचार केला होता. तारेचाही केला होता. पण न वाचता येणारी बाई कार्ड हातात धरून काय करेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते कासाराला बरोबर घेऊन वस्तीवर गेले. सोनाबाईने अंगणातूनच परत पाठवलं. मग ते महादूला म्हणाले, की गाडीला ब्रेक फुकट बसवून देतो, काही नको मला, एवढं करू द्या. महादू शांत माणूस होता. त्याने शिवी दिली नाही. त्याचं बोलणं मेस्तरींनी मला जसंच्या तसं सांगितलं, कारण ते त्यांना पाठ झालं होतं. "तुमचा माल खरा हाय, मेस्तरी. मला ठावं हाय. मी घेणारबी हुतो. पर आता रोज गाडीवर बसताना मला त्यो कोपरा दिसंल."

आणि तसंच झालं. बाकीच्या गाडीवाल्यांच्या घरी त्या कार्डांवर कुणी हसलं होतं, कुणी शिव्या घातल्या होत्या, पण वस्तीवरची हकीकत पसरली तशी हसणारेही गप्प झाले. लोक त्याला 'मढ्याचा ब्रेक' म्हणू लागले. ज्या तिघांनी बसवला होता, त्यांतल्या दोघांनी काढून शेडच्या दारात आणून टाकला. मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. जीव वाचवणारी वस्तू, खरी, पक्की, आणि माणसं ती काढून टाकत होती. मी इतके दिवस भांडत होते, की बोंबेला रीत हवी. मी जिंकले होते, आणि मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

मेस्तरी मग बोलेनासेच झाले. बाजाराचा खेळ बंद. खिशातला रबराचा तुकडा बंद. संध्याकाळी गाड्या कारखान्याकडे निघायच्या वेळी ते एक बाभळीचा ओंडका खांद्यावर टाकून पुलावर जायचे आणि उताराच्या तोंडाशी उभे राहायचे. गाडी उताराला लागली की चाकाच्या पुढ्यात ओंडका टाकत, काढत, पुन्हा टाकत ती खालपर्यंत उतरवून द्यायचे. मग वर यायचे, पुढच्या गाडीला. कुणी बोलावलं नव्हतं. कुणी आभार मानत नव्हतं. महादूची गाडी आली की महादू समोर बघत बसायचा, आणि मेस्तरी खाली बघत ओंडका टाकायचे. हंगाम संपेपर्यंत हे चाललं. बोंब मारणं ज्याचं आयुष्य, तो माणूस मुक्याने गाड्या उतरवताना बघणं मला सहन व्हायचं नाही. मी त्या वाटेने जाणं टाळायची.

किसन उन्हाळ्यात रजेवर आला. धडधाकट आला. मंजुळाच्या हातात कासाराने बांगड्या भरल्या, वस्तीवर पेढे वाटले, मलाही आले. शेजारच्या शेडमध्ये मात्र कुणी पेढा दिला नाही. मी माझ्यातला एक दिला. मेस्तरींनी तो हातात घेतला आणि विचारलं, "भरल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी पेढा खाल्ला नाही, सुलूवहिनींच्या हातात दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते भिंगारला परत निघाले. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये काम मिळालं होतं. सामान टेम्पोत भरलं, मी पुलापर्यंत गेले. उतारावर टेम्पो अचानक थांबला. मला वाटलं, काही विसरलं असेल. तर समोरून कडब्याची एक गाडी उताराला लागत होती. मेस्तरी टेम्पोतून उडी मारून उतरले, सामानातून ओंडका ओढून काढला, गाडी खालपर्यंत उतरवून दिली, ओंडका परत टेम्पोत टाकला आणि चढून बसले. मागे वळून पाहिलं नाही. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

मध्ये दुष्काळाचं वर्ष गेलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात एक दिवस माझ्या दाराशी कार्ड पडलेलं दिसलं. कोपरा फाडलेला. मेस्तरींना पत्रा लागून धनुर्वात झाला आणि ते गेले, असं त्यांच्या पुतण्याने लिहिलं होतं. दहाव्याचा दिवस दिला होता. मी अंगणातच खाली बसले.

असं कार्ड गावात मेस्तरींच्या सगळ्या ओळखीच्यांना आलं होतं. मला वाटलं, निदान दहावीस जण निघतील. मी एकेकाच्या घरी गेले, आणि पुन्हा एकदा सुन्न झाले. कार्डं चुलीत गेली होती. कोपरा आणि भिंगारचा शिक्का पाहून कुणी पुढे वाचलंच नव्हतं. "मेस्तरी परत सुरू झाला व्हय?" असं म्हणून हसले. मी शपथेवर सांगितलं, तर एक जण म्हणाला, "बाई, तुमी लई भोळ्या. आता काय, चुलीला ब्रेक लावलाय का त्यांनी?" सुलूवहिनींच्या माहेरचे लांबचे नातेवाईक होते, तेही घरातून हलले नाहीत.

मी एकटीच पहाटेच्या एस.टी.ला गेले. स्टँडवर बाकावर सोनाबाई बसली होती. शेजारी मंजुळा, हातात माझ्यासारखंच कार्ड, कोपऱ्याला धरलेलं. मी विचारलं, तुम्ही कुठे? सोनाबाई म्हणाली, की महादूने कार्ड बघितलं, त्या मेस्तरीचंच हाय म्हणाला आणि न वाचता फेकून दिलं. तिने ते उचलून घेतलं होतं.

"मग तुम्हाला कुणी सांगितलं, खरं आहे म्हणून?"

"कुणी न्हाई," सोनाबाई म्हणाली. "कोपरा फाटलाय म्हंजी जायला पायजे. खोटं निघालं तर बरंच की, बाई. जिवंत दिसंल, माघारी येऊ."

प्रवासभर मी खिडकीबाहेर बघत बसले.

भिंगारच्या त्या अरुंद गल्लीत फार माणसं नव्हती. पुरुष ओढ्यावर गेले होते. घरात चारसहा बायका आणि मधोमध सुलूवहिनी. त्यांनी मला पाहिलं आणि हळूच सांगितलं, की कार्डं त्यांनी मुद्दाम, तेव्हा जाहिरातीचं कार्ड गेलेल्या घरांनाही पाठवायला लावली. त्या फाटक्या कोपऱ्यातून एकदा तरी खरी बातमी जाऊ दे, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्यात बांगड्या दहाव्याला फोडायची रीत. एका म्हातारीने वरवंटा आणून ठेवला आणि वहिनींचा हात धरला.

मंजुळा बायकांतून वाट काढत पुढे गेली. तिने वरवंटा बाजूला सरकवला. कोपऱ्यातल्या घागरीतून पाणी घेतलं, सुलूवहिनींचे हात ओले केले, आणि एकेक बांगडी सावकाश, न फुटू देता, बाहेर काढू लागली. तिच्या स्वतःच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या, आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. म्हातारी काही म्हणायला गेली, पण सोनाबाईने तिला हातानेच थांबवलं.

सुलूवहिनींनी मंजुळाला कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटची बांगडी निघाली, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कोण गं तू?"

"देवळालीची," मंजुळा म्हणाली. "कार्ड आलं हुतं."